काळ्याची निगा

माझ्या छपाईयंत्रात शाईच्या चार टाक्या आहेत. त्यांपैकी तिघी माझे ऐकतात. निळी, किरमिजी आणि पिवळी यांची दोन दिवस चौकशी केली नाही तरी त्या रुसत नाहीत; काम आले की निमूटपणे कामाला लागतात. चौथी काळी. तिचे दुखणे रोजचे आहे. सकाळी दुकानाचे शटर वर केले, उदबत्ती लावली, की मी पहिल्याने काळीची नाडी पाहतो. एक कोरा कागद आत सारतो, यंत्र जरा कुरकुरते आणि चार रंगांच्या बारीक रेघांच्या चार जाळ्या उमटून कागद बाहेर येतो. तीन जाळ्या अखंड असतात. काळ्या जाळीत मात्र कुठे ना कुठे एखादी रेघ गळालेली असते, पहिलीतल्या पोराच्या दुधाच्या दातासारखी.

अमरावतीला राजकमल चौकापासून हाकेच्या अंतरावर एका बोळात माझे दुकान आहे. चहाच्या मगावर, टी-शर्टवर, उशीच्या अभ्र्यावर, गुळगुळीत टाइलवर लोकांचे फोटो उमटवून देणे हा माझा धंदा. बाजारात याला ‘सब्लिमेशन’ म्हणतात. शब्द परका आहे, पण गोष्ट आपल्या देवघरातली. डबीतला कापूर आठवा. वडी दिवसेंदिवस लहान होत जाते, आणि डबीत पाहावे तर ओलाव्याचा थेंबही नसतो. वितळण्याची पायरी गाळून ती एकदम हवेत मिसळलेली असते. शाळेच्या पुस्तकात यालाच संप्लवन म्हटले आहे. माझ्या शाईतला रंग याच स्वभावाचा. कागदावर फोटो उलटा छापायचा, तो कागद वस्तूला बिलगवायचा आणि १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या हीट प्रेसमध्ये दाबून धरायचा. कापड असेल तर पाऊण-एक मिनिट, मग असेल तर तीनेक मिनिटे. कागदावरच्या रंगाची वाफ होते, ती पॉलिस्टरच्या धाग्यात किंवा मगावर चढवलेल्या लेपात शिरते, आणि ताप उतरला की तिथेच कायमची वस्तीला राहते. कागद मोकळा होऊन बाजूला पडतो. इतकी वर्षे हे पाहतो आहे, तरी कागद उचलताना अजून हात जरा थबकतो.

या कामासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे मिळतात, पण त्यांच्या किमती आमच्यासारख्या बोळातल्या दुकानदाराने नुसत्या ऐकाव्यात. म्हणून आम्ही कचेरीत कागद छापणारे साधे यंत्र आणतो आणि त्याच्या टाक्यांत ही शाई भरतो. अर्थात कोणतेही यंत्र चालत नाही. काही यंत्रे शाईला क्षणभर चटका देऊन तिचा बुडबुडा करतात आणि त्याच्या धक्क्याने थेंब उडवतात. तापाने उडून जाणाऱ्या शाईला अशा यंत्रात घालणे म्हणजे कापराची डबी चुलीच्या भानोशीवर ठेवणे. आम्हाला लागते ती दुसरी जात. स्फटिकावर दाब दिला की वीज उपजते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. त्याचीच उलटी बाजू या यंत्रांत वापरली आहे: वीज दिली की आतला इवलासा तुकडा आकार बदलतो आणि चिमटीने लिंबू पिळावे तसा शाईचा थेंब बाहेर काढतो. शाईला ताप कुठेच लागत नाही.

आता काळीचे दुखणे काय, ते सांगतो. कचेरीचे यंत्र घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फोटो नसतात, अक्षरे असतात. अर्ज, पत्रे, हिशेबाचे ताव. अशा पुष्कळ यंत्रांत तीन रंगीत शाया पाण्यात विरघळलेल्या असतात, आणि काळी तेवढी वेगळ्या घडणीची, बारीक भुकटीची असते. ती कागदावर बसून राहते, ओल्या बोटाने फिसकटत नाही. अक्षराला हे उत्तम. पण चकचकीत फोटोच्या कागदावर ही भुकटी धरत नाही. म्हणून यंत्राला मुळातच शिकवून ठेवले आहे की, साधा कागद असेल तर काळी वापर; फोटोचा कागद असेल तर काळीला हात लावू नको, बाकीच्या तिघींच्या मिश्रणातून काळोख तयार कर. नियम योग्यच होता. पुढे मी ती मूळची काळी काढून टाकली, तिच्या जागी संप्लवनाची काळी भरली. ती तर आता तिघींच्याच जातीची झाली. कारण गेले, पण नियम राहिला. यंत्राला कोणी कळवलेच नाही. असे नियम यंत्रांतच राहून जातात असे नाही, पण तो विषय आजचा नव्हे.

परिणाम असा की मी फोटोचा कागद म्हणून छापत गेलो तर काळीला दिवसेंदिवस काम नाही. आणि ही शाई बसून खाणाऱ्यातली नव्हे. ती विरघळलेली नसतेच. पाण्यात तरंगत ठेवलेले रंगाचे सूक्ष्म कण, इतकेच तिचे स्वरूप. स्वस्थ ठेवली की कण तळाशी बसू लागतात. बाटली औषधासारखी हलवून वापरावी लागते. पण यंत्राच्या पोटातली नळी कोण हलवणार? तोंडाशी शाई सुकते, केसाहून बारीक छिद्रे बुजतात आणि ‘हेड चोक झाले’ हे या धंद्यातले सर्वांत अशुभ वाक्य उच्चारण्याची वेळ येते.

त्यात आमचा वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांना शिवतो, हवा खापरासारखी कोरडी होते, आणि छिद्रांच्या तोंडची शाई पाहता पाहता आवळते. मग आपण दुकानात कूलर लावतो. कूलरच्या ओल्या वाऱ्याने काळीला बरे वाटते, पण कागद सर्द होतो; असा कागद प्रेसमध्ये घातला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन काळ्या केसांच्या कडा पसरतात, भांगाची रेघ नाहीशी होते. म्हणजे शाईला ओल हवी आणि कागदाला कोरड हवी, आणि दोघांनी राहायचे एकाच दहा फुटी खोलीत! मी कागदाचे गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवतो. कापडालाही आधी पाच-दहा सेकंद नुसते शेकून घेतो. रोहिणी नक्षत्रात वादळ सुटून वीज गेली की आणखी निराळी चिंता. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड वाटेतच उघडे पडून राहते. एरवी काम संपले की ते कोपऱ्यातल्या आपल्या झाकणावर जाऊन बसते. अशा वेळी मी बाकी काही न पाहता आधी त्या यंत्राची बॅटरी गाठतो.

अकोल्याला टिळक रोडच्या बाजूला माझ्या एका स्नेह्याचे असेच दुकान आहे. बडनेऱ्याहून गाडीत बसले की मूर्तिजापूर मागे टाकून तास-सव्वा तासात माणूस अकोल्याला पोचतो. महिन्या-दोन महिन्यांनी मी तिकडे जातो, निमित्त कागदाचे किंवा मगांच्या खोक्यांचे. खरे म्हणजे आम्हाला भांडायचे असते. भांडण काळ्यावरून. तो या बाबतीत जहाल आहे. त्याने काळीच्या टाकीतली शाई काढून तिथे नुसते धुण्याचे द्रावण भरून ठेवले आहे. काळोख लागेल तेवढा तिघींकडून करून घेतो.

“जो कामच करत नाही त्याला पगार कशाला देता?” तो मला विचारतो.

“काम देत नाही म्हणून करत नाही,” मी म्हणतो.

“तुम्ही रोज सकाळी तिला कागद चारता. वर्षाची शाई मोजली काय कधी?”

मोजली आहे, पण ते त्याला कशाला सांगू? त्याचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत बरोबरच आहे. लग्नातले फोटो, पोरांचे वाढदिवस, क्रिकेटच्या संघाचे रंगीबेरंगी शर्ट, यांना तिघींचा काळा पुरतो. जरा शाई जास्त लागते, कागद जास्त भिजतो, आतल्या दातेरी चाकांचे ठिपके एखाद वेळी उमटतात. गिऱ्हाइकाला त्याचे काही नसते. शिवाय बुजायला एक वाट कमी. पण तिघींनी मिळून केलेल्या काळ्याची एक गोची आहे. तिघींपैकी एकीचेही एक छिद्र अडले की काळा लगेच रंग बदलतो. निळी कमी पडली तर तो तपकिरी होतो, किरमिजी कमी पडली तर हिरवट. लाल फुलात ही कसर खपून जाते. करड्या छटेत ती लपत नाही. आणि माझ्याकडे येणाऱ्या कामात करड्या छटांचे काम फार.

माझी रीत निराळी आहे, आणि ती उघडउघड खोटे बोलण्याची आहे. मी यंत्राला सांगतो की हा साधा कागद आहे. नसतो, चांगला महागाचा सब्लिमेशनचा कागद असतो. पण ‘साधा’ म्हटले की यंत्र काळीला कामावर घेते. मग रंग पहिल्यापेक्षा वेगळे येतात, म्हणून याच थापेला धरून रंगांचे कोष्टक, ज्याला आम्ही प्रोफाइल म्हणतो, ते तयार करून घ्यावे लागते. एकाच्या थापेला दुसऱ्याचे कोष्टक चालत नाही. आणि ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी दोन बोटे रुंदीची नुसती काळी पट्टी रद्दी कागदावर काढायची. पुष्कळ जण त्याऐवजी ‘हेड क्लीनिंग’ची कळ दाबतात. ती मला पटत नाही. त्या कळीने बऱ्याच यंत्रांत चारी टाक्यांतली शाई ओढली जाते आणि पोटातल्या पॅडमध्ये ओतली जाते. पॅड भरले असे यंत्राच्या हिशेबात आले की ते संपावर जाते. एकीच्या खोकल्यासाठी चौघींना काढा पाजण्याचे कारण नाही. पट्टी बरी.

अकोलेकर म्हणतो, हा सगळा हट्ट आहे. असेल. पण काळा ही वस्तू आयती मिळत नाही, हे मला या धंद्याने शिकवले आणि तिथून हा हट्ट सुरू झाला. वर्तमानपत्राचा काळा म्हणजे काजळी. दिव्यावर धरलेल्या वाटीतली असो की कारखान्यातली असो, ती एकाच द्रव्याची, कोळशाची भुकटी. तिच्यासारखा एकनिष्ठ काळा नाही, पण माझ्या प्रेसच्या तापाने तिची वाफ होत नाही, म्हणून ती मला निरुपयोगी. जुन्या फोटोंचा काळा म्हणजे चांदी. अंधाऱ्या खोलीत ज्या छटा उमटत त्या धातूच्या चांदीच्या कणांच्या असत. आपल्या आजोबांची काळी टोपी खरोखर चांदीची आहे, असे सांगितले तर नातवाला खोटे वाटेल. आणि माझा काळा? माझ्या बाटलीवर ‘काळी’ असे लिहिलेले असले तरी आत एकटा काळा रंग नसतो. निळा, नारिंगी, तपकिरी अशा उडणाऱ्या रंगांची ती मोट आहे. एकत्र असतील तोवर डोळा त्यांना काळे म्हणतो. पण प्रत्येकाची उडण्याची घाई वेगळी. ताप कमी पडला की सगळे कागद सोडत नाहीत, आणि जास्त झाला तर काही जण पुढे निघून जातात. मग काळा कधी भुरा होतो, कधी तपकिरीकडे वळतो. म्हणून काळीची निगा टाकीपाशी संपत नाही, ती प्रेसच्या घड्याळापर्यंत जाते. प्रेस लावण्याआधी कागदावर तर हा काळा अगदीच केविलवाणा दिसतो, उन्हाळ्यातल्या शेतासारखा राखट. आमची जमीनही अशीच. वैशाखात पाहिली तर कोणी तिला काळी म्हणणार नाही. मृगाचा पाऊस पडला की मग पाहावी.

आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ नाही, त्याचा ‘य’ होतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो, आणि काळा होतो काया. पुस्तकी मराठीत काया म्हणजे देह. दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी फोटो छापताना हा योगायोग मनातून जात नाही, कारण फोटोत माणसाला देह येतो तो काळ्यानेच. लाल-पिवळे कमीजास्त झाले तर माणूस आजारी दिसेल किंवा लाजल्यासारखा दिसेल. काळा गेला तर माणूसच जातो. एका गावी, गावाचे नाव नको, नव्याने दुकान घातलेल्या एका तरुणाकडे कोणीतरी काळीच्या टाकीत नेहमीची कचेरीची शाई ओतली. कागदावर फोटो सुरेख आला. नवरदेवाचा मग प्रेसमधून काढला, कागद सोडवला, तो मगावर शेरवानी आहे, फेटा आहे, गुलाबी गाल आहेत, आणि मिशी व बुबुळे कागदावरच राहिली आहेत! सगळे रंग पलीकडे गेले, काळा अलीकडेच थांबला. त्या दिवशी दुकानात पुष्कळ हशा झाला म्हणतात. मला ते ऐकताना हसू आले नाही. जुने यंत्र नव्या शाईला लावताना नळ्यांत मूळची काळी उरलेली असते, तेव्हाही हेच होते. पहिले काही ताव अशा अर्ध्या चेहऱ्यांचे निघतात, आणि नळी निवळेपर्यंत ते काढत राहावे लागतात.

करड्या छटांचे काम माझ्याकडे फार येते म्हणालो, ते वर्षश्राद्धांमुळे. खेड्यांतून लोक येतात आणि खिशातून, पाकिटातून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना फोटो काढतात. बहुधा तो एकच असतो. लग्नातला असतो, नाहीतर कुठल्याशा अर्जाला लावण्यासाठी तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर दर्यापूरकडची एक बाई आली. खारपाणपट्ट्यातले गाव, विहिरीचे पाणीसुद्धा खारट, सगळी भिस्त पावसावर आणि कापूस-तुरीवर. बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू. तिने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक फोटो, काडेपेटीएवढा: काळी टोपी घातलेला पन्नाशीचा गृहस्थ, डोळे थेट समोर. दुसरी वस्तू म्हणजे नीट घडी घातलेला पांढरा सुती दुपट्टा.

“भाऊ, याच्यावर काढून देता काय यायचा फोटो?”

मी दुपट्टा हातात घेतला. धुऊन धुऊन मऊ झालेले चोख सुती कापड. “मावशी, हा सुती आहे. याच्यावर हा रंग धरत नाही. एका धुण्यात जाईल.”

तिला ते समजले नाही. मी पुन्हा सांगितले, की या शाईला पॉलिस्टर लागते, सुताला ती चिकटत नाही. ती दुपट्ट्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “जिंदगीभर कापूस पिकोला यायनं. अन् कापसावरच नाई उमटत हा मानूस?”

मी उत्तर दिले नाही. उत्तर आहे, पण ते रसायनशास्त्रातले आहे. कापसाच्या धाग्याला पाण्याची ओढ, आणि या रंगांना पाण्याचे वावडे. १९२० नंतरच्या दशकात ते मुळी कृत्रिम रेशमासाठी शोधले गेले. पॉलिस्टरचा धागा तापला की आतून सैल होतो, त्यांना आत घेतो, आणि गार होताच दार लावतो. कापसाला असे दार नाही. आता फिल्मवर छापून कापसावर दाबायची डीटीएफची रीतही निघाली आहे, आणि अमरावतीत ती करून देणारी दुकाने आहेत. तिचे नाव मी त्या बाईला सांगितलेही. पण त्यात चित्र कापडावर पापुद्र्यासारखे बसते, हाताला लागते. ती म्हणाली, दुपट्टा कडक होईल काय? होईल, म्हणालो. मग नको, म्हणाली.

पॉलिस्टरचा जन्म कुठला, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता, पण माझ्या मनात ते आलेच. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिकडचा कापूस थांबला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिले. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि त्याच्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आमच्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या धुरांड्या त्या ओढीतून उभ्या राहिल्या. आणि त्याच लँकेशायरात, मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत, व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली पॉलिस्टरचा धागा काढला. कापड छापणारी कंपनी ती! तिचा धागा पुढे टेरिलीन म्हणून आमच्या बाजारांत आला, आणि कापूस पिकवणाऱ्यांच्या पोरांनी लग्नात टेरिलीनचे शर्ट हौसेने शिवले. इस्त्री लागत नाही म्हणून. त्यांना नावे ठेवण्यात काय अर्थ? माझ्या दुकानातला एकही शर्ट सुती नाही.

शेवटी टाइल ठरली. आठ इंची, पांढरी, भिंतीला टेकवून ठेवण्याजोगी. मी तिला चार दिवसांनी यायला सांगितले, कारण मला काळ्याशी बोलायचे होते. टाइलचे तंत्र कापडाहून अवघड. ती जाड, ताप तिच्या पृष्ठभागी पोचायला कापडाच्या कितीतरी पट वेळ. कापडावर बरोबर बसणारा काळा इतका वेळ तापात राहिला तर कोणत्या बाजूला झुकेल, हे आधी कळत नाही. मी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या पायऱ्यांची एक पट्टी केली, तिचे पाच कागद काढले आणि फुटक्या टाइलच्या तुकड्यांवर पाच वेगवेगळ्या वेळांनी दाबले. पहिल्यात टोपीचा काळा नुसता धुरासारखा. शेवटच्यात सगळ्या पायऱ्या चहाच्या रंगाच्या. तिसरा आणि चौथा तुकडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिले. ट्यूबलाइटखाली करडा रंग नेहमी दगा देतो. तिसऱ्यात गडद भाग चांगले होते, मधल्या छटा किंचित हिरवट. चौथ्यात मधल्या छटा निवळल्या होत्या.

इथे अकोल्याची रीत वापरून पाहावी, असा विचार मनात आला नाही असे नाही. एक कागद तिघींच्या काळ्यानेही काढला. टोपी उत्तम आली, कदाचित जास्तच भरीव. पण डोळ्यांखालची सावली जांभळट पडली आणि माणूस मार खाल्ल्यासारखा दिसू लागला. ते नको होते. मग यंत्राला पुन्हा तीच थाप मारली, साध्या कागदाची, आणि काळीकडून काढून घेतले.

बाई आली त्या दिवशी मी टाइल टेबलावर ठेवली आणि उगीच दुसऱ्या कामाला लागल्यासारखे केले. तिने पदराने टाइल पुसली. नातू म्हणाला, “आबा.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डोये आले बराबर. टोपीबी कायीच हाये.” पैसे मोजून दिले, टाइल त्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि दोघे बस स्टँडकडे गेली.

अकोलेकराला मी हे फोनवर सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “तुमच्या त्या कोष्टकाची एक प्रत पाठवा बरं.” त्याचे यंत्र वेगळे, शाई वेगळी, तिथे माझे कोष्टक लागू पडणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते. तरी पाठवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्याच्या काळीच्या टाकीत द्रावणच होते, पण शेजारच्या फळीवर काळ्या शाईची न फोडलेली बाटली दिसली. मी विषय काढला नाही.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. या दिवसांत मगांची खोकी छतापर्यंत जातात, भाऊबिजेच्या मागण्या शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, आणि काळीला श्वास घ्यायला सवड नसते. तिची प्रकृती वर्षभरात कधी नसते इतकी ठणठणीत असते. काळजी पुढची. लक्ष्मीपूजनाला यंत्रालाही हळद-कुंकू लागेल. टाकीच्या झाकणांवर अक्षता पडू द्यायच्या नाहीत, हे घरच्यांना दरवर्षी सांगावे लागते. त्यानंतर चार दिवस बाजार बंद. घरचे म्हणतात, चार दिवस तरी दुकानाचे नाव काढू नका. कबूल. पण पाडव्याला अंबादेवीच्या दर्शनाला जातानाच मी किल्ली खिशात टाकणार आहे. शटर अर्धेच वर करायचे, रद्दीतला एक कागद घालायचा, दोन बोटांची पट्टी काढायची आणि जाळीतल्या रेघा मोजायच्या. पाच मिनिटांचे काम.